निळ्या मण्याची साक्ष

मनुष्याला अलंकारांची हौस केव्हापासून लागली, हे नेमके कोणालाही सांगता येणार नाही. लिहिण्याची कला अवगत होण्यापूर्वी, नांगर हाती धरण्यापूर्वी, इतकेच काय, मातीचे मडके भाजण्यापूर्वीही मनुष्य गळ्यात काही ना काही घालीत होता. शिंपले, प्राण्यांचे दात, हाडांचे तुकडे, नदीकाठचे रंगीत गोटे यांना भोके पाडून तो त्यांच्या माळा ओवीत असे. परंतु हे सारे अलंकार निसर्गाने दिलेले होते. मनुष्य ते वेचून घेई, घासून गुळगुळीत करी, त्यांना भोक पाडी. त्यांचा रंग मात्र निसर्गाने दिला असेल तोच राही.

पुढे असा काळ आला की, मनुष्याने वाळू, राख आणि तांब्याची पूड यांच्यापासून एक निळा, चकचकीत पदार्थ स्वतः निर्माण केला. असा पदार्थ डोंगरात खणून मिळत नाही, की समुद्राच्या तळाशी सापडत नाही. मनुष्याने आपल्या बुद्धीने बनविलेल्या अगदी पहिल्या काही पदार्थांत त्याची गणना होते. आज आपण त्याला फायान्स म्हणतो. फायान्सचे मणी आकाराने अगदी लहान असतात. कित्येक तर ज्वारीच्या दाण्याएवढेच. पण इतिहासाच्या न्यायालयात या चिमुकल्या मण्याने दिलेली साक्ष मोठी मोलाची ठरली आहे. ती साक्ष ऐकताना एकदा थोर पंडितांचीही गफलत झाली होती. ती कशी झाली आणि कशी सुधारली, हे आपण या पाठात पाहणार आहोत.

आधी या नावाची गोष्ट ऐका. इटली देशात फाएंझा नावाचे एक गाव आहे. काही शतकांपूर्वी तेथील झिलई दिलेली रंगीत मातीची भांडी साऱ्या युरोपात प्रसिद्ध होती. त्या भांड्यांना गावाच्या नावावरून फायान्स म्हणू लागले. पुढे इजिप्तमधील प्राचीन निळ्या वस्तू युरोपीय लोकांच्या पाहण्यात आल्या, तेव्हा त्यांची चकाकी पाहून लोकांना त्या भांड्यांची आठवण झाली व तेच नाव त्यांनी या वस्तूंनाही देऊन टाकले. वास्तविक या दोहोंत साम्य आहे ते केवळ वरच्या चकाकीचे. फाएंझाची भांडी मातीची होती. हा प्राचीन पदार्थ मातीचा नव्हेच! वरवरच्या सारखेपणावर विसंबल्याने फसगत कशी होते, याचा हा पहिला दाखला. दुसरा दाखला पुढे येणार आहे.

मग फायान्स कशाचा बनतो? त्यातील मुख्य द्रव्य म्हणजे गारगोटी. ओढ्याकाठी सापडणारी पांढरी गारगोटी तुम्ही पाहिली असेल. अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर आपटून ठिणग्याही पाडल्या असतील. ही गारगोटी कुटून तिची बारीक पूड करावयाची, किंवा तिच्याऐवजी स्वच्छ पांढरी वाळू घ्यावयाची. तीत थोडा चुना, थोडा क्षार आणि थोडीशी तांब्याची पूड मिसळली की झाले साहित्य! येथे क्षार म्हणजे आपल्या घरी पापडात घालतात त्या पापडखाराच्या जातीचा पदार्थ समजावा. इजिप्तच्या वाळवंटातील काही तळ्यांच्या काठी तो आपोआप साठतो. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या पाण्यातही तो आहे. जेथे अशी तळी नव्हती, तेथे लोक विशिष्ट वनस्पती जाळून त्यांच्या राखेतून तो मिळवीत.

या मिश्रणात प्रत्येकाचे काम ठरलेले असते. नुसती गारगोटी वितळवावयाची, तर फार प्रखर उष्णता लागते. तेवढी उष्णता उत्पन्न करणे त्या काळच्या भट्ट्यांना शक्य नव्हते. परंतु क्षाराची संगत मिळाली की, ८०० ते १००० अंश सेल्सिअस उष्णतेतच तिचे कण वितळू लागतात आणि त्यांची काच होते. ही काच पाण्याने विरघळून जाऊ नये, म्हणून चुना उपयोगी पडतो. आणि रंग? तो देते तांबे. मोरचूद निळा असतो, तांब्याच्या जुन्या भांड्यावर चढणारा जंग हिरवट असतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. तांब्याच्या अंगी दडलेला हाच रंग भट्टीत काचेत उतरतो व मणी आकाशासारखा निळा किंवा समुद्रासारखा निळसर हिरवा दिसू लागतो.

मण्यावर झिलई चढविण्याच्या तीन रीती प्राचीन कारागिरांना माहीत होत्या. पहिली रीत सोपी. झिलईचे द्रव्य पाण्यात कालवून ते मण्यावर माखावयाचे आणि मणी भाजावयाचा.

दुसरी रीत अधिक चातुर्याची आहे. ओल खाल्लेल्या जुन्या भिंती वाळू लागल्या, म्हणजे त्यांवर पांढरी भुकटी फुटलेली दिसते. भिंतीला लोणा लागला, असे आपण म्हणतो. भिंतीत मुरलेले पाणी बाहेर येताना आपल्याबरोबर क्षार घेऊन येते. पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतो. कारागीर मण्याच्या लगद्यातच क्षार व तांबे मिसळीत आणि मणी सावकाश वाळू देत. मणी वाळताना क्षार असाच त्याच्या पृष्ठभागावर येऊन बसे. मग मणी भट्टीत घातला की, या क्षाराचा गारगोटीशी संयोग होऊन त्याची काच बने. मणी जणू आपली झिलई आपल्याच अंगातून बाहेर काढीत असे!

तिसरी रीत तर याहूनही नवलाची. गारगोटीच्या पुडीचे कच्चे मणी करून ते चुना, राख, तांब्याची पूड इत्यादींच्या मिश्रणात पुरून ठेवावयाचे आणि ते सारे भांडेच भट्टीत ठेवावयाचे. भाजल्यावर भोवतालची पूड ठिसूळ राहते, मण्यांना चिकटत नाही. ती हाताने चुरडली की, आतून लखलखीत निळे मणी बाहेर पडतात. ही रीत प्राचीन काळाबरोबर लुप्त झाली असेल, असे कोणालाही वाटेल. परंतु इराणमधील कोम शहरी विसाव्या शतकातही काही कारागीर याच पद्धतीने निळे मणी बनवीत होते. गाढवांना दृष्ट लागू नये, म्हणून ते त्यांच्या गळ्यात बांधीत. हान्स वुल्फ नावाच्या संशोधकाने ही पद्धत अभ्यासून १९६८ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा जुन्या मण्यांचे एक कोडे उलगडण्यास मोठी मदत झाली. पंडितांना पोथ्यांत जे सापडले नाही, ते गाढवांच्या गळ्यातील मणी करणाऱ्या गरीब कारागिराच्या भट्टीत सापडले.

आता हा खटाटोप मनुष्याने मुळात केला तरी कशासाठी, ते पाहू. नाईल नदीच्या काठी, इजिप्तच्या दक्षिण भागात बदारी नावाचे ठिकाण आहे. इसवी सनापूर्वी सुमारे ४४०० ते ४००० या काळात तेथे शेती व पशुपालन करणारे लोक राहत. त्या वेळी इजिप्तमध्ये राजे नव्हते, पिरॅमिड नव्हते आणि लेखनही नव्हते. ज्या काळाविषयी लिखित पुरावा नाही, त्यास आपण प्रागैतिहासिक काळ म्हणतो. तो हा काळ होय. बदारीच्या लोकांना निळ्या-हिरव्या रंगाचे मोठे वेड होते. पण हा रंग असलेली रत्ने सुखासुखी मिळत नसत. पिरोजा हा निळसर हिरवा खडा सिनाईच्या रुक्ष डोंगरांतून खणून आणावा लागे. गडद निळा लाजवर्द तर आजच्या अफगाणिस्तानातील बदख्शानच्या पर्वतांत मिळे, आणि कित्येक हातांतून फिरत फिरत हजारो मैलांचा प्रवास करून इजिप्तपर्यंत येई. अशी रत्ने सामान्य माणसाच्या वाट्याला कोठून येणार?

तेव्हा लोकांनी युक्ती शोधली. संगजिरा हा दगड इतका मऊ असतो की, तो नखानेही ओरखडला जातो. त्याचे मणी कोरणे सोपे होते. हे मणी निळी झिलई चढवून भाजले की, ते कठीणही होत आणि रत्नासारखे दिसतही. बदारीच्या थडग्यांत असे मणी मोठ्या संख्येने सापडले आहेत. पुढची पायरी म्हणजे दगड कोरण्याचेही सोडून गारगोटीच्या पुडीपासूनच मणी घडविणे. ही पायरी इजिप्तच्या लोकांनी राजवंशांचा उदय होण्यापूर्वीच, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या चौथ्या सहस्रकात गाठली होती. पश्चिम आशियात टायग्रिस व युफ्रेटिस या नद्यांच्या प्रदेशातही फायान्सचे फार जुने मणी मिळतात. त्यामुळे या शोधाचा पहिला मान कोणाचा, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तांब्याचे खनिज भट्टीत तापविताना वाळूवर किंवा दगडावर आपोआप निळी काच चढलेली दिसली असावी आणि त्यातून ही कल्पना सुचली असावी, असा तर्क केला जातो.

इजिप्तच्या लोकांनी पुढे लेखनकला साध्य केल्यावर या पदार्थाचे नावही लिहून ठेवले. त्यांच्या भाषेत त्याला चेहेनेत म्हणत. चेहेनेत म्हणजे झळाळणारे, तेजस्वी. रत्नाची नक्कल म्हणून आरंभ झालेल्या या पदार्थाला पुढे स्वतःचीच प्रतिष्ठा लाभली. हिरवा-निळा रंग हा त्यांच्या दृष्टीने पाण्याचा, कोवळ्या अंकुरांचा, म्हणजेच जीवनाचा रंग होता. म्हणून ते मृताच्या गळ्यात फायान्सच्या माळा घालीत. मृत्यूनंतरही त्याला नवे जीवन लाभावे, अशी त्यांची श्रद्धा होती. इसवी सनापूर्वी सुमारे २६५० मध्ये जोसर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड सक्कारा येथे बांधला गेला. त्याच्या भूमिगत दालनांच्या भिंती सुमारे ३६,००० निळ्या फायान्स-फरश्यांनी मढविलेल्या होत्या. असा हा पदार्थ राजाच्याही घरी मानाने गेला. पण तो गरिबाला पारखा झाला नाही, हे विशेष. तेल-एल-अमर्ना या प्राचीन नगरीत फ्लिंडर्स पेट्री यांनी १८९१-९२ मध्ये उत्खनन केले, तेव्हा फायान्सचे मणी, अंगठ्या व पदके पाडण्याचे मातीचे साचे त्यांना हजारोंनी मिळाले. साच्यातून असे दागिने भराभर काढता येत, तेव्हा ते थोडक्या ऐपतीच्या माणसालाही घेता येत असले पाहिजेत.

आपल्या भारतखंडातही ही विद्या फुलली होती. सिंधू संस्कृतीच्या हडप्पा व मोहेंजोदडो या नगरांचे उत्खनन अनुक्रमे १९२१ व १९२२ साली सुरू झाले. ही नगरे इसवी सनापूर्वी २६०० ते १९०० या काळात भरभराटीस आली होती. त्यांची लिपी अद्याप कोणाला वाचता आलेली नाही. म्हणून तेथील कारागिरांची ओळख त्यांच्या वस्तूंवरूनच करून घ्यावी लागते. फायान्सचे मणी, बांगड्या, लहान पट्ट्या, चिमुकली भांडी असे नाना प्रकार तेथे मिळाले आहेत. एका खारीची मूर्ती तर बोटाच्या पेराएवढी आहे. मागच्या पायांवर बसून ती पुढच्या पायांत धरलेले काहीतरी खात आहे. सिंधू खोऱ्यातील कारागिरांनी इजिप्तची रीत जशीच्या तशी गिरविली नाही. ते गारगोटीची पूड, क्षार व रंगद्रव्य यांचे मिश्रण एकदा भाजून काचेसारखे करीत, ते पुन्हा दळीत आणि त्या पुडीच्या वस्तू घडवून त्या पुन्हा भाजीत. श्रम दुप्पट पडत. पण वस्तू अधिक बळकट होई. रोजच्या वापरातील बारीक बांगडीला ही बळकटी आवश्यकच होती.

आता आपण युरोपच्या वायव्य टोकाला, ब्रिटन व आयर्लंड या बेटांकडे वळू. इजिप्त व सिंधू खोऱ्यात नगरे नांदत होती, त्या काळी या बेटांवर नगरे नव्हती, लेखन नव्हते. कांशाची हत्यारे वापरणारे लोक लहान लहान वस्त्या करून राहत. ब्रिटनमध्ये रोमन लोक येईपर्यंत तेथील प्रागैतिहासिक काळ चालूच होता. या लोकांच्या थडग्यांत निळसर रंगाचे फायान्सचे मणी सापडू लागले. काही मणी चांदणीच्या आकाराचे होते, काही कड्यासारखे वाटोळे. काही लांबट मण्यांवर तर अनेक बारीक मणी एकमेकांना चिकटवावेत तशा खाचा होत्या. पुष्कळदा एका थडग्यात एक किंवा दोनच मणी मिळत. त्यावरून लोक ते ताइतासारखे वापरीत असावेत, असे दिसते.

यांपैकी एका माळेची हकीकत तुम्हांला विशेष जवळची वाटेल. आयर्लंडमध्ये तारा नावाची एक प्राचीन टेकडी आहे. तेथील एका दगडी थडग्यावरील मातीच्या ढिगाचे उत्खनन १९५५ ते १९५९ या काळात झाले. या ढिगात दहन केलेल्या मृतांचे अवशेष अनेक होते. पण एक सांगाडा मात्र न जाळता पुरलेला होता. तो चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचा होता. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी हा मुलगा वारला. त्याच्याजवळ कांशाचे लहान पाते होते आणि गळ्यात एक माळ होती. तीत काळ्या जेटचे, पिवळ्या तृणमण्याचे, कांशाचे आणि निळ्या फायान्सचे मणी ओवलेले होते. त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही, तो कशाने वारला तेही ठाऊक नाही. पण ज्यांनी त्याला निरोप दिला, त्यांनी आपल्याजवळचे अत्यंत मोलाचे ते त्याच्या गळ्यात घातले, एवढे ती माळ आजही सांगते.

हे निळे मणी या बेटांवर आले कोठून? १९३६ साली होरेस बेक व जे. एफ. एस. स्टोन या दोन अभ्यासकांनी या मण्यांविषयी एक मोठा निबंध प्रसिद्ध केला. खाचांचे लांबट मणी इजिप्तमध्ये इसवी सनापूर्वी सुमारे १४०० या काळात प्रचारात होते. ब्रिटनमधील मणी हुबेहूब तसेच दिसत. तेव्हा हे मणी इजिप्तकडून, पूर्व भूमध्य समुद्रातील व्यापाऱ्यांच्या मार्फत आले असले पाहिजेत, असे त्यांनी अनुमान केले. ते बहुतेकांना पटले. एवढेच नव्हे, तर या मण्यांच्या आधाराने ब्रिटनमधील थडग्यांचा काळही ठरविला जाऊ लागला.

या अनुमानामागे एक समजूत दडलेली होती. कला, कौशल्य, शोध हे सारे थोर नगरांतच जन्म पावते. दूरच्या रानटी लोकांना ते केवळ उसने मिळते, अशी ती समजूत. ब्रिटनच्या त्या साध्या खेडुतांना वाळूची काच करण्याची विद्या येत असेल, ही गोष्टच कोणाला संभवनीय वाटत नव्हती. अशा रीतीने दोन मण्यांच्या सारखेपणाने एका साऱ्या लोकसमूहाच्या बुद्धीविषयी निकाल दिला गेला.

पुढे दोन नवे साक्षीदार पुढे आले. पहिला साक्षीदार म्हणजे कार्बन. प्रत्येक सजीवाच्या शरीरात कार्बनचा एक विशिष्ट प्रकार अल्प प्रमाणात असतो. सजीव मेला की, तो ठरावीक गतीने घटू लागतो. सुमारे ५,७३० वर्षांत तो निम्मा होतो. म्हणून जुने हाड किंवा कोळसा यांत तो किती उरला आहे हे मोजले, म्हणजे त्या वस्तूचे वय कळते. ही पद्धत अमेरिकेतील शास्त्रज्ञ विलर्ड लिबी यांनी १९४९ च्या सुमारास सिद्ध केली व त्याबद्दल त्यांना १९६० साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे झाडांच्या खोडातील वर्षवलयांच्या आधारे या मापनात सुधारणा झाली. मण्यांबरोबरच्या अस्थींचा व कोळशाचा काळ या पद्धतीने काढता असे दिसून आले की, ब्रिटनमध्ये हे मणी इसवी सनापूर्वी १९०० च्या सुमारासच वापरात आले होते. इजिप्तच्या ज्या मण्यांची ही नक्कल किंवा आयात मानली जात होती, त्यांच्याहून हे कित्येक शतके आधीचे ठरले!

दुसरा साक्षीदार म्हणजे कथील. कल्हईवाला ज्या धातूने भांड्यांना कल्हई करतो, तोच हा धातू. तो तांब्यात मिसळला की कांसे होते. रॉय न्यूटन व कॉलिन रेनफ्रू यांनी १९७० साली मण्यांच्या रासायनिक पृथक्करणाचे आकडे पुन्हा तपासले, तेव्हा ब्रिटनच्या मण्यांत कथिलाचे प्रमाण विशेष जास्त असल्याचे त्यांनी दाखविले. त्यानंतर १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत मण्यांवर न्यूट्रॉन या सूक्ष्म कणांचा मारा करून त्यांतील घटक शोधण्यात आले. या तपासणीनेही तेच सांगितले. इजिप्तच्या मण्यांत एवढे कथील आढळत नाही. ब्रिटनमध्ये मात्र नैर्ऋत्य टोकाच्या कॉर्नवॉल भागात कथिलाचे समृद्ध साठे आहेत. तेथील लोक तांब्याऐवजी कांशाची पूड रंगासाठी वापरीत असावेत. शिवाय कित्येक मण्यांत कांशात असते त्याहूनही जास्त कथील आहे. म्हणजे ते त्यांनी मुद्दाम घातले असावे. नेदरलँड्समधील एक्स्लो येथे १८८१ साली दलदलीच्या जमिनीत एक माळ सापडली होती. तीत फायान्सच्या चार मण्यांच्या जोडीला कथिलाचे पंचवीस आणि तृणमण्याचे चौदा मणी होते. फायान्स आणि कथील यांची सोबत किती निकटची होती, हे या माळेवरूनही ध्यानात येते.

सारांश, ब्रिटन व आयर्लंडमधील मणी तेथील लोकांनीच बनविले होते. मग त्यांना ही विद्या कोणी शिकविली? ती त्यांनी अगदी शून्यातून शोधली, असेही विद्वान मानीत नाहीत. युरोपच्या मध्यभागी असे मणी याआधीच प्रचारात होते. तेव्हा ही माहिती एका वस्तीतून दुसरीकडे, एका कारागिराकडून दुसऱ्याकडे अशी टप्प्याटप्प्याने पोहोचली असावी. परंतु माहिती येणे निराळे आणि माल येणे निराळे. आलेली माहिती त्या लोकांनी आपल्या भूमीतील वाळू, आपल्या वनस्पतींची राख आणि आपल्या खाणींतील धातू यांच्याशी जुळवून घेतली. कोणती राख चालते, भट्टी किती तापवावी, मणी किती वाळवावा, हे त्यांना स्वतःच्याच हातांनी, अनेकदा चुकत चुकत शिकावे लागले असेल. विद्या दुसऱ्याकडून घेण्यात कमीपणा नाही. घेतलेली विद्या आपल्या मातीत रुजविणे हाच तर पुरुषार्थ.

मुलांनो, या हकीकतीत दोन्ही पक्षांकडून शिकण्यासारखे आहे. बेक व स्टोन हे मोठे व्यासंगी होते. त्यांनी त्या काळी उपलब्ध असलेल्या साधनांनी प्रामाणिकपणे काम केले. त्यांनी जमविलेल्या मण्यांच्या नोंदी पुढील संशोधकांना फार उपयोगी पडल्या. पुढील संशोधकांनीही त्यांचा उपहास केला नाही. त्यांनी मण्यांना नवे प्रश्न विचारले. ज्ञान असेच वाढत असते. एक पिढी अनुमान करते, दुसरी ते तपासून पाहते. दोन वस्तू सारख्या दिसल्या, म्हणून त्या एकाच घरच्या ठरत नाहीत. आणि कोणाचे घर साधे आहे, म्हणून त्यात कसब नसेल, असेही ठरत नाही.

पुढे कधी एखाद्या वस्तुसंग्रहालयात जाल, तेव्हा सोन्याच्या मुकुटांपाशी गर्दी दिसेल. त्यांच्या शेजारच्या पेटीत कदाचित फिकट निळ्या, झिलई उडालेल्या मण्यांची एक माळ असेल. तिच्यापाशी थोडे थांबा. सोने भूमीने दिले होते; हा निळा रंग मात्र मनुष्याने वाळू व राख यांतून आपल्या श्रमाने मिळविला होता.

अभ्यास

१. फायान्स हे नाव कसे पडले? ते यथार्थ का नाही?

२. गारगोटी, क्षार, चुना व तांबे यांपैकी प्रत्येकाचा फायान्स बनविताना काय उपयोग होतो?

३. भिंतीला लोणा लागणे आणि मण्यावर झिलई चढणे यांतील साम्य तुमच्या शब्दांत सांगा.

४. सिंधू खोऱ्यातील कारागिरांच्या पद्धतीचे वैशिष्ट्य कोणते? तिचा फायदा काय?

५. ब्रिटनमधील मणी इजिप्तमधून आले, असे विद्वानांना प्रथम का वाटले? हे अनुमान कोणत्या दोन पुराव्यांमुळे बदलले?

६. ‘माहिती येणे निराळे आणि माल येणे निराळे’ या वाक्याचा अर्थ एक उदाहरण देऊन स्पष्ट करा.

७. तुमच्या गावातील कुंभार, तांबट, कासार किंवा अन्य एखाद्या कारागिराला भेटा. तो कोणते साहित्य वापरतो, ते कोठून आणतो आणि हे काम कोणाकडून शिकला, हे विचारून दहा-बारा ओळींत लिहा.